चौपन्न पॉइंट सहा

माझ्या दिराने, सुजीतने, ऑनलाइन मल्टिमीटर मागवला त्या दिवसापासून आमच्या घरात अक्कल फक्त त्यालाच उरली. एक पिवळं डबडं, त्याला एक लाल आणि एक काळी वायर, वायरींच्या टोकाला पिना आणि वर आकडे दाखवणारी काच. तारापूरच्या एका कारखान्यात हा कंत्राटी वायरमनच्या हाताखाली हेल्पर आहे. शिडी धरतो. पण घरी आला की साहेब. रिमोटचे सेल मोजतो, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून मोजतो, स्विचबोर्डात पिना घालून "दोनशे अडतीस!" असं जाहीर करतो. जणू इतकी वर्षं आम्ही दोनशे अडतीसवाचून अडून बसलो होतो.

मी शकू. चिंचणीला राहते, मासळी विकते. आधी वीस वर्षं गावातल्या दर्पण टेम्पोवाल्याच्या टेम्पोत बाकीच्या बायांबरोबर कोंबून जायचे, गेल्या दीड वर्षापासून माझ्या स्वतःच्या इलेक्ट्रिक गाडीवर. पुढे पायाशी पाटी, मागे बर्फाचा थर्माकोलचा डबा, आणि मधे मी. टेम्पो सोडला तेव्हा गुपचूप सोडला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमी बसा एकमेकींच्या मांडीवर. मी चालले वारा खात." बायांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

विकायला मी सरावलीला बसते. चाळींची गल्ली नाक्याला मिळते तिथे, मेडिकलच्या शटरला लागून, पहिलीच जागा माझी होती. गल्लीतून बाहेर पडणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझ्या पाटीवरून जायचं. बिहारच्या, ओडिशाच्या, कुठकुठल्या बायका, "मौसी, आज क्या लाई?" म्हणून माझ्यासमोर आधी वाकायच्या. पुढच्या आठजणींकडे जाईपर्यंत त्यांची पिशवी अर्धी भरलेली असायची. त्या जागेवर माझं घर चाललं. नवऱ्याची बोट कधी भरून येते, कधी नुसतं डिझेल जाळून येते, पण जागा रोज पिकते.

जागेचा नियम आमचा आमचाच. धंद्याचे सलग तीन दिवस सकाळी नऊपर्यंत जिची पाटी लागली नाही, तिची जागा मोकळी. मग जी आधी बसेल तिची. सोमवार, गुरुवार, शनिवार मोजायचे नाहीत, कारण त्या दिवशी निम्मी चाळ मासळीला शिवत नाही. घरात मयत असलं किंवा बाळंतपण असलं तर माफ. आजारी पडलीस तर पाटी कुणाच्याही हाती पाठव, पाटी लागल्याशी मतलब. गाडी बिघडली, पाऊस लागला, नवऱ्याशी भांडण झालं, हे कुणी ऐकून घेत नाही. हा नियम ठरला तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

आणि माझ्या जागेवर कोण टपलं होतं तेही मला ठाऊक होतं. आलेवाडीची हिना. दोन वर्षं गटाराच्या कडेला, शेवटच्या जागी बसायची. गोड बोलायची, मान खाली घालून "मावशी, मावशी" करायची. अशा बायांचा मला आधीपासून तिटकारा आहे.

तर त्या मंगळवारी सरावलीच्या अलीकडच्या पुलावर गाडी मेली. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच डोक्यावर आलेलं. चढाच्या मध्यावर गाडीने एक उचकी दिली आणि संपलं. समोरच्या काचेवरचे सगळे दिवे गेले. मी गाडी उताराला वळवली, ढकलत ढकलत चिंचणी गाठली. मांदेली सगळी मऊ पडली, अर्धी कोंबड्यांना घातली.

सुजीत त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता, म्हणून घरीच. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी काढलेली होती, त्याने पुन्हा तासभर लावली. मग मीटर घेऊन तो बॅटरीसमोर असा बसला, की शेजारच्या दोन बायका डॉक्टर आलाय समजून बघायला आल्या. लाल पिन इकडे, काळी पिन तिकडे.

"चौपन्न पॉइंट सहा," तो म्हणाला. "फुल्ल हाय, वैनी. याच्यापरीस जास्त असतच नाय."

"मग पुलावर का मेली?"

"तू चालवतेस कशी ते बगायला लागल."

शेजारणी हसल्या. दीड वर्ष मी गाडी चालवते, आणि हा शिडी धरणारा मला चालवायला शिकवणार!

बुधवारी सकाळी निघण्याआधी त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा चौपन्न पॉइंट सहा. पूल आला, चढाच्या मध्यावर पुन्हा तीच उचकी, आणि दिवे गेले. या वेळी मी परतले नाही. गाडी कडेला लावून दहा-पंधरा मिनिटं शिव्या घालत उभी राहिले, मग सहज चावी फिरवली तर दिवे परत आले. कशीबशी रखडत सरावलीला पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. पाटी लावली, पण बायांनी नऊ वाजताच दिवस मोजून टाकला होता. "दोन झाले, शकूबाय," एक म्हणाली. हिना कोळंबी सोलत बसली.

घरी येऊन मी सुजीतला म्हणाले, "तू गाडी उभी असताना मोजतोस. मी पण बसले असताना दमत नाय. चाळीस किलो घेऊन पूल चढताना माजा दम मोज की, मग कळल."

"असं कोन मोजत नाय, वैनी. बॅटरी अशीच मोजतात."

"कारन तुमी सगळे अशेच बसून असता."

गुरुवारी मी गाडी घेऊन बोईसरला गेले, जिथून घेतली त्या दुकानात. पाटी नाही, डबा नाही, मी एकटी. मेली गाडी अशी पळाली की विचारू नका. पूल तर ती गाणं म्हणत चढली. मला तिथेच खाली उतरून तिला दोन लाथा घालाव्याशा वाटल्या.

दुकानात केतन नावाचा इस्त्रीच्या शर्टातला माणूस बसतो. त्याचा मीटर सुजीतच्या मीटरपेक्षा मोठा, म्हणून तोराही मोठा. त्याने पिना लावल्या आणि मान हलवली. "चौपन्नला जरासाच कमी. ताई, बॅटरी परफेक्ट आहे."

"पुलावर मरते."

"रीडिंग चांगलं आहे. बॅटरी बदलून द्यायची तर फॉर्मवर आकडा भरावा लागतो. आता हा आकडा भरला तर कंपनी हसेल मला."

"मग मी सांगते ते भर. पुलावर मरते, असं लिही."

"तुम्ही सांगता त्याला रकाना नाही, ताई." मग पलीकडच्या पोरीकडे बघून हसत म्हणाला, "एक करा. गाडी चालू असताना आकडा पडतो असा व्हिडिओ आणा. लगेच बदलून देतो. गॅरंटीला अजून सहा महिने आहेत, काही घाई नाही."

घाई नाही म्हणे. त्याचं ते हसणं मी चिंचणीपर्यंत डोक्यात घेऊन आले. वाटेत ठरवलं की या शहाण्यांना त्यांच्याच आकड्याने तोंडावर पाडायचं. संध्याकाळी सुजीतला सांगितलं, उद्या तू माझ्या मागे बसायचं, मीटर लावून.

पुंडलिक, माझा नवरा, जाळं नीट करत ऐकत होता. तो फार बोलत नाही. म्हणाला, "उद्या शुक्रवार. तिसरा दिवस. उद्या टेम्पोनं जा."

"आनि व्हिडिओ?"

"परवा शनिवार हाय. शनिवार मोजत नाय. परवा काय ती परीक्षा घ्या दोगं."

सरळ बोलणं होतं. लहान मुलाला कळलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर टेम्पोच्या फळीवर बसलेल्या त्या बाया आल्या, सरकून मला जागा देताना एकमेकींकडे बघणाऱ्या. मी म्हणाले, "मी त्या टेम्पोत पाय ठेवनार नाय. लवकर निगीन. पुलावर बंद पडली तर पडली, धा मिनिटांनी चालू होते. साडेआठला नाक्यावर."

"पाटी तरी दे टेम्पोत. तू मागून ये."

"वजन नाय तर गाडी मरनार कशी?" मी विचारलं. पुंडलिकने जाळ्यात डोकं घातलं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला दर्पणचा टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. "शकूबाय, टाका पाटी. पैशे नको," तो ओरडला. मागच्या बाया बघत होत्या. त्यातली एक हसली का नाही, मला नक्की दिसलं नाही, पण ती हसली असंच मी धरून चालले.

"जा रे तू," मी म्हणाले. "आमाला काम हाय."

काम म्हणजे सुजीतचं. त्याने चार्जिंगच्या भोकात दोन्ही पिना खोचून वर चिकटपट्टीचे सात-आठ वेढे मारले. मग वायर फार ताणते म्हणून सोडलं, पुन्हा मारले. यात सव्वासात झाले. मग तो मागे बसला. बर्फाचा डबा ठेवायला जागा उरली नाही, म्हणून डबा त्याच्या मांडीवर, डब्यावर मीटर, आणि डब्यातलं पाणी त्याच्या पँटवर. नवी पँट होती. माझी सकाळ तिथेच अर्धी सार्थकी लागली.

"आकडा मोठ्यानं सांगायचा," मी बजावलं.

"चौपन्न पॉइंट चार," तो म्हणाला. गल्ली सोडली तेव्हा "बावन्न." सपाट रस्त्याला "एक्कावन्न, एक्कावन्न पॉइंट दोन." आवाजात थोडी चिंता यायला लागली होती. पूल दिसला. मी हँडल पिळलं.

"पन्नास. अठ्ठेचाळीस. अगं वैनी... शेहेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. एक्केचाळीस! एक्के—"

उचकी आली. दिवे गेले. चढाच्या मध्यावर आम्ही दोघं, मासळी आणि ते पिवळं डबडं.

मी खाली उतरले आणि इतकी हसले की रस्त्याने जाणारे कामगार सायकलीवरून वळून बघायला लागले. "सांग आता," मी म्हणाले. "फुल्ल हाय? चालवायला शिकवतोस मला?"

सुजीतचं तोंड पार उतरलं होतं. "वजन आलं की झोपते," तो म्हणाला. "आत काय दम नाय राहिलेला. उभी असली की दाखवते नुसती. वैनी, तू बरोबर होतीस."

"परत बोल."

"तू बरोबर होतीस."

"व्हिडिओ दाखव."

त्याने मोबाइल काढला, बघितला, आणि त्याचं तोंड आणखी उतरलं. एका हाताने डबा धरायचा, दुसऱ्या हाताने मोबाइल, या गडबडीत बटण दाबायचंच राहिलं होतं. व्हिडिओच्या जागी माझ्या पाठीचा एक फोटो होता.

या क्षणी पावणेआठ वाजले होते. मीटर माझ्यासमोर होता आणि त्यावरचा आकडा आपोआप वर चढत होता. सत्तेचाळीस, एकोणपन्नास. दहा मिनिटांत पन्नासच्या वर गेला. दिवे आले. पुलाचा उरलेला चढ शंभर पावलांचा होता, पुढे उतार, पुढे सपाट रस्ता. सुजीतला तिथेच उतरवलं असतं, तो चालत आला असता, आणि मी रखडत का होईना सव्वाआठला नाक्यावर असते. सुजीतनेच ते म्हटलं. "वैनी, मी उतरतो. तू जा. जागा हाय आज."

मी गाडी उलटी वळवली.

"खाली चल," मी म्हणाले. "पहिल्यापासून चढायचं. या वेळी बटन दाब."

"वैनी, परत उठनार नाय ती."

"न उठू दे. त्या केतनला दिसू दे."

आम्ही पुलाच्या पायथ्याशी गेलो. सुजीतने बटण दाबलं, मला दोनदा दाखवलं की दाबलंय. मी हँडल पिळलं. या वेळी चढाच्या मध्यापर्यंतही गेलो नाही. अठ्ठेचाळीस, चव्वेचाळीस, चाळीस, आणि काळोख. पण व्हिडिओ झाला, अगदी स्वच्छ. आकडा पडताना दिसत होता, मागे माझा आवाज ऐकू येत होता, "बघ, बघ, बघ!"

मी तिथेच उभ्या उभ्या तो केतनला पाठवला. वाट बघितली. दोन निळ्या खुणा आल्या तसा फोन लावला. दुकान उघडायचं होतं, तो घरीच होता, तोंडात ब्रश असावा. मी त्याला सोडला नाही. आकडा मोठ्याने वाचायला लावला. मग विचारलं, "याला रकाना हाय का तुज्या फॉर्मात?" तो म्हणाला, हो ताई, आहे. मी म्हणाले, काल तू त्या पोरीकडं बगून हसलास ते मी बगितलं. तो म्हणाला, सॉरी ताई. मी म्हणाले, ऐकायला आलं नाय. तो पुन्हा म्हणाला. सुजीत माझ्यासमोर मनगटावरचं घड्याळ धरून उभा होता, आणि मी त्याला हाताने थांब थांब करत होते.

फोन ठेवला तेव्हा साडेआठ होत आले होते. चावी फिरवली. काही नाही. पाच मिनिटं थांबून पुन्हा फिरवली. काही नाही. मीटर शेहेचाळीसवर येऊन बसला होता आणि वर चढायला तयार नव्हता.

मग ढकलणं. सुजीत मागून, मी हँडलला. एक रिक्षावाला थांबला, पाटी बघून "पानी गिरेगा" म्हणत निघून गेला. दुसरा थांबलाच नाही. पुलाचा चढ संपला, उतारावर गाडी धावली, आम्ही तिच्या मागे धावलो. सपाटीला लागलो तसा माझा श्वास पुरेना. पहिल्यांदाच मला भीती वाटली. आतापर्यंत नुसता राग होता, आणि रागात सगळं सोपं वाटतं. आता मी सुजीतला दर दोन मिनिटांनी वेळ विचारत होते आणि तो खोटी सांगत होता हे मला कळत होतं.

नाक्यावर पोचले तेव्हा मेडिकलचं शटर उघडलेलं होतं. ते नऊला उघडतं.

शटरला लागून हिनाची पाटी होती. फडक्यावर बोंबील मांडलेले, बाजूला कोळंबीचे वाटे, मागे ती. मला बघून ती अर्धी उठली.

"मावशी, नऊ वाजले," ती म्हणाली. "मी पाच मिनिटं थांबले आनखीन. इचारा सगळ्यांना."

कुणाला विचारण्याची गरज नव्हती. सातही बाया आपापल्या पाटीत बघत होत्या. टेम्पोतून आलेल्या होत्या सगळ्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मला भांडता आलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. त्यांनी तेवढंही दिलं नाही.

सुजीत मात्र सुजीतच. त्याने मोबाइल काढला आणि बायांसमोर धरला. "बगा, ही बॅटरी. चढाला चाळीसवर आली. आमी दोगांनी धरली तिला. वैनी पहिल्यापासून सांगत होती, कोन ऐकत नव्हतं."

त्यांनी बघितलं. मोबाइलमधून माझाच आवाज आला, "बघ, बघ, बघ!" एक म्हातारी जवळ वाकून म्हणाली, "चाळीस म्हंजे कमी का जास्त?"

"कमी, आजी. लय कमी."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि आपल्या मांदेलीवर पाणी शिंपडायला लागली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. केतन. कंपनीला व्हिडिओ पाठवला, बॅटरी बदलून मिळेल, सोमवारी या. एकदम अदबीने बोलत होता. मी स्पीकर लावला नव्हता, पण त्याचा आवाज मोठा, सगळ्यांनी ऐकलं. सुजीतने माझ्या दंडाला धरून हलवलं. मी जिंकले होते. तीन दिवस ज्यांनी ज्यांनी मला वेड्यात काढलं होतं त्या सगळ्यांकडून मी कबूल करून घेतलं होतं, आणि आत्ता या क्षणी त्यातलं काहीही मला नको होतं. मला फक्त त्या शटरला पाठ टेकून खाली बसायचं होतं.

गल्लीतून ओडिशाची ती जाडी बाई आली, कडेवर पोर घेऊन. माझी रोजची. मला बघून हसली, "मौसी, आज देर?" आणि माझ्या गाडीला वळसा घालून पुढे जायला बघू लागली. गाडी मी नेमकी हिनाच्या पाटीसमोर आडवी उभी केली होती, माझ्या रोजच्या जागेसमोर, नेहमीच्या सवयीने. बाईला वाट मिळेना.

"मावशी," हिना हळूच म्हणाली, मान खाली घालून, "गिऱ्हाईक हाय. गाडी जरा बाजूला घेता?"

मी गाडी बाजूला घेतली.